थरावर थर

दूरदर्शनवर हवामानाचा अंदाज सांगणारी व्यक्ती नकाशासमोर उभी दिसते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तिच्या मागे नुसता हिरवा किंवा निळा पडदा असतो. नकाशा, ढगांची चिन्हे, व्यक्ती आणि खालची अक्षरे ही वेगवेगळी चित्रे असून संगणक ती एकावर एक रचतो. अशा प्रत्येक चित्राला लेअर, म्हणजेच थर म्हणतात. आता शाळकरी मुलेही मोबाइलवर असे थर रचून लहानसहान फिल्म तयार करतात. त्यामागचे गणित मात्र वर्गात क्वचितच येते.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील अर्ल हर्ड यांनी 1914 साली पारदर्शक सेल्युलॉइडवर पात्रे रंगवण्याच्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. मागचे दृश्य एकदाच काढायचे व त्यावर फक्त हलणाऱ्या पात्रांचे कागद बदलायचे. अडचण अशी, की सेल्युलॉइडही थोडा प्रकाश शोषते. थरांची संख्या बदलली की खालचे रंग मंद होत. म्हणून चित्रकार गरज नसतानाही कोरे कागद घालून थरांची संख्या कायम ठेवत.

संगणकात प्रत्येक चित्रबिंदूसाठी लाल, हिरवा व निळा असे तीन अंक असतात. 1977 च्या सुमारास एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांनी त्यांना चौथा अंक जोडला, तो अल्फा. त्या बिंदूचा किती भाग थराने झाकला आहे, हे तो सांगतो. 0 म्हणजे मुळीच नाही, 1 म्हणजे पूर्ण. थर रचण्याचे पद्धतशीर बीजगणित थॉमस पोर्टर व टॉम डफ यांनी 1984 साली मांडले. मुख्य नियम सोपा आहे: वरच्या रंगाला अल्फाने गुणा, खालच्या रंगाला एक वजा अल्फाने गुणा आणि बेरीज करा.

समजा, तळाची उजळता 100 आहे. पांढुरका थर 200 चा, काळा थर 0 चा, दोघांचा अल्फा 0.5. आधी पांढुरका ठेवला तर 150 मिळतात. त्यावर काळा ठेवला की 75. क्रम उलटा केला तर आधी 50, मग 125. थर तेच, उत्तर वेगळे.

हे दाखवण्यासाठी रंगीत जिलेटीनचे कागद वापरण्याचा मोह शिक्षकांना होईल. तो टाळावा. जिलेटीन प्रकाश गाळते, म्हणजे येथे निव्वळ गुणाकार होतो, आणि गुणाकारात क्रमाला महत्त्व नाही. लाल-पिवळे काय किंवा पिवळे-लाल काय, आरपार पाहिल्यास रंग एकच! (संगणकातील ‘मल्टिप्लाय’ हा पर्याय असाच वागतो.) त्याऐवजी मच्छरदाणीच्या जाळीचे दोन तुकडे घ्यावेत, एक पांढरा व एक काळा. जाळीचा धागा अपारदर्शक असतो. तो जेवढी जागा झाकतो तोच तिचा अल्फा. पांढरी जाळी वर असताना आणि काळी वर असताना लांबून दिसणारी छटा ताडून पाहावी.

जाळीवरून आणखी एक गोष्ट उमगते. निम्मी जागा झाकणाऱ्या दोन जाळ्या मिळून पूर्ण जागा झाकत नाहीत. उरलेल्या निम्म्याचा निम्मा भाग, म्हणजे एक चतुर्थांश, सरासरीने उघडाच राहतो. एकत्रित अल्फा 0.75, 1 नव्हे.

नवशिक्यांची नेहमीची फजिती इथेच होते. चेहऱ्याच्या थरावर टोपीचा थर आहे आणि दोन्ही हळूहळू नाहीसे करायचे आहेत. प्रत्येकाची अपारदर्शकता निम्मी केली, की टोपीतून डोके दिसू लागते. उपाय असा, की आधी दोन्ही थरांचा गट करून एक चित्र बनवावे आणि मग त्या गटाची अपारदर्शकता कमी करावी. गट केल्याने मूळ चित्र बिघडत नाही, कारण थरांचा क्रम बदलता येत नसला तरी कंस कुठेही टाकता येतात. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी मॅट्रिक्सच्या गुणाकाराशी याची तुलना करून पाहावी.