शब्द गुन्हा कधी ठरतो?

‘स्टेटसला काही ठेवू नकोस, उगाच पोलीस घरी येतील.’ गेल्या काही वर्षांत मराठी मुस्लिम घरांत आई-वडिलांच्या तोंडी हे वाक्य अगदी रुळून गेले आहे. त्यामागची भीती खोटी नाही. एका फोटोवरून, दोन ओळींवरून गुन्हा दाखल झाल्याच्या बातम्या आपण वारंवार वाचतो. दुसरीकडे त्याच घरातला तरुण मुलगा रागाच्या भरात, न तपासलेला व्हिडिओ शंभर जणांना पाठवून मोकळा होतो. एकाला वाटते की काहीच बोलू नये आणि दुसऱ्याला वाटते की काहीही बोलावे. राज्यघटनेने नागरिकाला या दोन्हींपेक्षा वेगळी जागा दिली आहे. ती जागा नेमकी कुठे आहे, हे गेल्या काही वर्षांतल्या न्यायालयीन निकालांवरून समजून घेता येते आणि त्यातले बरेचसे निकाल आपल्या महाराष्ट्रातल्याच प्रकरणांचे आहेत.

पालघरच्या दोन मुली

१७ नोव्हेंबर २०१२ रोजी शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले आणि मुंबई परिसर बंद झाला. पालघरच्या एका २१ वर्षांच्या मुस्लिम मुलीने या बंदबद्दल प्रश्न विचारणारी पोस्ट फेसबुकवर लिहिली. तिच्या हिंदू मैत्रिणीने ती पोस्ट ‘लाईक’ केली. एवढ्यावरून दोघींना अटक झाली आणि पोस्ट लिहिणाऱ्या मुलीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली. देशभरातून टीका झाल्यावर पोलीस अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली आणि पुढे मुलींवरचा खटलाही बंद झाला.

या अटकेने अस्वस्थ झालेल्या श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. आव्हान होते माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ ला. या कलमानुसार संगणकावरून किंवा मोबाइलवरून पाठवलेला मजकूर कोणाला ‘त्रासदायक’ किंवा ‘गैरसोयीचा’ वाटला, तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. त्रास म्हणजे काय, गैरसोय कोणाची, याची व्याख्या कुठेच नव्हती. २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांच्या खंडपीठाने हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले.

या निकालातला एक धागा प्रत्येक घराने लक्षात ठेवण्यासारखा आहे. न्यायालयाने बोलण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या. पहिली पायरी चर्चेची, दुसरी एखाद्या मताचा आग्रहाने पुरस्कार करण्याची आणि तिसरी चिथावणीची. पहिल्या दोन पायऱ्यांवरचे बोलणे कितीही अप्रिय असले, तरी ते घटनेच्या कलम १९(१)(अ) मधल्या अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा गाभा आहे. बोलणे चिथावणीपर्यंत पोचते तेव्हाच त्यावर बंधन घालण्याचा प्रश्न येतो. तेही कलम १९(२) मध्ये दिलेल्या कारणांसाठीच, म्हणजे देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी, न्यायालयाचा अवमान अशा ठरावीक कारणांसाठी.

निकाल लागला, पण पोलीस ठाण्यांतली सवय लगेच सुटली नाही. रद्द झालेल्या कलमाखाली पुढची कित्येक वर्षे देशात गुन्हे नोंदवले जात राहिले. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला की कलम ६६अ खाली कोणावरही खटला चालवू नये. कायदा पुस्तकातून निघाला तरी व्यवहारातून निघायला वेळ लागतो, म्हणून आपला हक्क आपल्यालाच माहीत असावा लागतो.

हातकणंगल्याचा स्टेटस

दुसरे प्रकरण कोल्हापूर जिल्ह्यातले. एका महाविद्यालयात शिकवणारे एक काश्मिरी प्राध्यापक पालक-शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये होते. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांनी आपल्या स्टेटसला दोन गोष्टी ठेवल्या. एकात कलम ३७० रद्द झाले तो ५ ऑगस्ट हा दिवस जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस असल्याचे म्हटले होते आणि दुसऱ्यात १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा होत्या. हातकणंगले पोलिसांनी भारतीय दंडविधानाच्या कलम १५३अ खाली, म्हणजे दोन गटांत वैर वाढवल्याचा गुन्हा नोंदवला. मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द करण्यास नकार दिला.

७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी हा गुन्हा रद्द केला. सरकारच्या निर्णयाचा निषेध करणे, त्याबद्दल दुःख व्यक्त करणे हा नागरिकाचा हक्क आहे आणि शासनाच्या प्रत्येक कृतीवरची टीका गुन्हा ठरू लागली तर लोकशाहीच उरणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. दुसऱ्या देशाच्या नागरिकांना त्यांच्या स्वातंत्र्यदिनी शुभेच्छा देणे ही सद्भावना आहे आणि माणूस विशिष्ट धर्माचा आहे एवढ्यावरून त्याच्या हेतूवर संशय घेता येणार नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. अभिव्यक्ती स्वातंत्र्य म्हणजे काय, हे पोलीस यंत्रणेला शिकवण्याची वेळ आली आहे, असेही निकालात नोंदवले आहे.

या निकालात वापरलेली कसोटी मूळची नागपूरची आहे. १९४६ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे न्या. व्हिव्हियन बोस यांनी सांगितले होते की शब्दांचा परिणाम मोजताना विवेकी, खंबीर मनाचा माणूस डोळ्यांपुढे ठेवावा. ज्याला प्रत्येक विरोधी मतात धोका दिसतो असा दुबळ्या मनाचा माणूस ही कसोटी होऊ शकत नाही. इंग्रजांच्या काळात घालून दिलेले हे माप आजही सर्वोच्च न्यायालय वापरते.

याच दोन न्यायमूर्तींनी २८ मार्च २०२५ रोजी आणखी एक महत्त्वाचा निकाल दिला. महाराष्ट्रातून राज्यसभेवर निवडून गेलेले खासदार आणि शायर इम्रान प्रतापगढी यांनी एक उर्दू नज्म पार्श्वभूमीला असलेला व्हिडिओ समाजमाध्यमावर टाकला होता. त्यावरून गुजरातमधील जामनगरला गुन्हा दाखल झाला. तो रद्द करताना न्यायालयाने सांगितले की तक्रार शब्दांबद्दल असेल तर पोलिसांनी आधी ते शब्द वाचावेत आणि त्यांचा अर्थ समजून घ्यावा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) मध्ये, तीन ते सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची सोय आहे. शब्दांशी संबंधित तक्रारींत हा मार्ग वापरणे योग्य ठरेल, असे न्यायालयाचे म्हणणे आहे.

पोस्ट एकाची, घाव दुसऱ्याला

निकाल दिलासा देणारे आहेत. तरीही आई-वडिलांची भीती का उरते, तेही प्रामाणिकपणे पाहायला हवे. जून २०१४ मध्ये फेसबुकवर छत्रपती शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रे पसरली. त्यानंतर पुण्याच्या हडपसर भागात मूळच्या सोलापूरच्या एका तरुण संगणक अभियंत्याला जमावाने मारून टाकले. त्या पोस्टशी त्याचा काहीही संबंध नव्हता. २०२३ मध्ये सत्र न्यायालयाने सर्व आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडले. त्याच वर्षी ७ जूनला कोल्हापुरात काही स्टेटसवरून बंद, दगडफेक झाली आणि इंटरनेट बंद करावे लागले. सप्टेंबरमध्ये सातारा जिल्ह्यातील पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून हिंसा उसळली आणि एका निरपराध तरुणाचा जीव गेला.

कोणाच्याही पोस्टमुळे जमावाला हत्या करण्याचा, घरे जाळण्याचा परवाना मिळत नाही. अपराध मारणाऱ्याचा असतो आणि त्याची शिक्षा त्यालाच व्हायला हवी. द्वेषपूर्ण भाषणाबाबत कोणाच्या तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवावा, वक्त्याचा धर्म पाहू नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश एप्रिल २०२३ पासून सर्व राज्यांना लागू आहे. तो अमलात आणा, अशी मागणी आपण लेखी करत राहिले पाहिजे. मात्र आपला एखादा मुलगा केवळ कोणाला डिवचण्यासाठी काही टाकतो, तेव्हा त्याची किंमत दुसऱ्या गल्लीतल्या कोणाला तरी मोजावी लागू शकते, हेही त्याला घरातच सांगायला हवे. सरकारला जाब विचारणे वेगळे आणि शेजाऱ्याच्या श्रद्धास्थानाला टोमणा मारणे वेगळे.

एका कलमाचा इतिहास

येथे एक अवघड प्रश्न आपण स्वतःलाही विचारायला हवा. आपल्याला टीका करायची असते तेव्हा स्वातंत्र्य आठवते आणि आपल्या भावना दुखावतात तेव्हा बंदी आठवते, असे तर होत नाही ना?

१९२० च्या दशकात लाहोरमध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याविषयी अवमानकारक पुस्तिका निघाली. १९२७ मध्ये लाहोर उच्च न्यायालयाने प्रकाशकाला सोडले, कारण तेव्हाच्या कायद्यात हे कृत्य बसत नव्हते. मुस्लिम समाजात संताप उसळला आणि त्याच वर्षी दंडविधानात कलम २९५अ आले. आज ते भारतीय न्याय संहितेत कलम २९९ म्हणून आहे. हा कायदा होताना चिकित्सा समितीत मोहम्मद अली जिना होते. प्रामाणिक टीका आणि इतिहासाचा अभ्यास यात भरडला जाऊ नये, अशी सावधगिरी त्यांनी तेव्हाच व्यक्त केली होती. म्हणून कलमात ‘जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने’ ही अट आली. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरवले, पण नकळत किंवा बेसावधपणे झालेला अवमान त्यात येत नाही, हेही सांगितले.

श्रद्धेच्या रक्षणासाठी आपल्या पूर्वजांनी मागितलेले हे कलम आज सर्वच धर्मांचे लोक एकमेकांविरुद्ध वापरतात आणि आपली मुलेही त्यात सापडतात. म्हणून ‘दुष्ट हेतू सिद्ध झाला पाहिजे’ हा आग्रह आपल्याविरुद्धच्या खटल्यात धरायचा असेल, तर दुसऱ्याविरुद्धच्या खटल्यातही तो मान्य करावा लागेल.

सूरह माइदाच्या आठव्या आयतीत हीच शिकवण आहे. एखाद्या समूहाबद्दलचा राग आपल्याला न्यायापासून ढळवू नये, कारण न्याय हाच तक्व्याच्या जवळचा आहे. सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत बातमी आली की आधी तिची शहानिशा करण्याची आज्ञा आहे, नाहीतर अजाणतेपणी कोणावर तरी अन्याय होईल आणि नंतर पस्तावावे लागेल. आणि सूरह अनआमच्या १०८ व्या आयतीत इतर लोक ज्यांची उपासना करतात त्यांना शिव्या देण्यास स्पष्ट मनाई आहे. व्हॉट्सॲपच्या काळात या तीन आयती घरात मुलांना समजावून सांगितल्या, तर निम्मे काम होईल.

आणि सत्तेपुढे बोलण्याची परंपराही आपल्याकडे कमी नाही. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. त्याच वर्षी मौलाना हसरत मोहानी यांनाही आपल्या उर्दू मासिकातल्या लेखासाठी तुरुंगात जावे लागले. लेख दुसऱ्याचा होता, पण लेखकाचे नाव त्यांनी सांगितले नाही. १९१६ मध्ये टिळकांवर पुन्हा कारवाई झाली तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात त्यांची बाजू जिनांनी मांडली आणि टिळक जिंकले. मौलाना आझादांनी १९२२ मध्ये कलकत्त्याच्या न्यायालयात आपले निवेदन सादर केले आणि एक वर्षाची शिक्षा स्वीकारली.

घरात काय करावे?

मुलांना गप्प करण्यापेक्षा त्यांच्याशी बोलणे बरे. टीका करायची तर निर्णयावर, धोरणावर, कारभारावर करावी. जात, धर्म आणि समूहावर करू नये. तारीख आणि ठिकाण नसलेला व्हिडिओ पुढे पाठवू नये. राग आलेला असताना लिहिलेला मजकूर रात्रभर तसाच ठेवून सकाळी पुन्हा वाचावा.

ग्रुपचे ॲडमिन असाल तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा २०२१ चा निकाल माहीत असू द्या. गोंदिया जिल्ह्यातील प्रकरणात न्यायालयाने सांगितले की समान हेतू किंवा संगनमत नसेल, तर सदस्याच्या मजकुरासाठी ॲडमिनला गुन्हेगार ठरवता येत नाही. तरीही भडकाऊ मजकूर दिसताच तो काढणे आणि टाकणाऱ्याला समजावणे हे ॲडमिनचे नैतिक काम आहेच.

पोलिसांचा फोन आला तर घाबरून मोबाइलमधला मजकूर पुसू नका आणि पळूनही जाऊ नका. वैर वाढवणे, धार्मिक भावना दुखावणे या कलमांत साधारणपणे तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बजावले आहे. अशा वेळी आधी हजर राहण्याची नोटीस देता येते. नोटीस मिळाली तर वेळेवर हजर राहा, शक्यतो वकिलाला बरोबर घ्या आणि न वाचता कोणत्याही कागदावर सही करू नका. मोबाइल जप्त केला तर पंचनाम्याची प्रत मागा. अटक झालीच, तर २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणे बंधनकारक आहे. मुलगा अठरा वर्षांखालील असेल तर त्याला कोठडीत ठेवता येत नाही, त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. म्हणून वयाचा दाखला हाताशी ठेवा.

वकिलाची फी परवडत नसेल तर प्रत्येक जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. महिलांना, मुलांना, कोठडीतल्या व्यक्तीला आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना तेथे मोफत वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक १५१०० हा आहे. प्रत्येक मोहल्ल्यातील जमातीने आपल्या ओळखीच्या दोन वकिलांचे क्रमांक लिहून ठेवावेत, आणि हातकणंगल्याच्या प्रकरणाचा निकाल एखाद्या संध्याकाळी तरुणांना एकत्र बसवून मराठीत समजावून द्यावा. तो काही फार मोठा निकाल नाही, एका बैठकीत वाचून होतो.