दार कुणी उघडायचं?

गेल्या शनिवारी आमच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या डावात एक दार अडलं. माझा योद्धा पुढे झाला. त्याची ताकद 18, म्हणजे दानात 4 ची भर. गाठायचे होते 15. वीस बाजूंचा फासा टेबलावर गडगडत गेला आणि 3 वर थांबला. मग 8 ताकदीच्या मांत्रिकाने फासा टाकला. 17 पडले, 1 वजा झाला, तरी दार उघडलं. सगळे हसले. मला मात्र ते मनापासून खटकलं.

1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी हा खेळ आणला. खेळाडू पात्र होऊन बोलतो, पण काम जमलं की फसलं हे फासा ठरवतो. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकड्याची शक्यता सारखीच, 5 टक्के. म्हणून योद्ध्याला संधी 50 टक्के, तर काडीपैलवान मांत्रिकालाही 25!

आता सापशिडीचे साधे तीन फासे एकत्र टाका. 216 शक्यतांपैकी 10 आणि 11 प्रत्येकी 27 वेळा येतात, 18 मात्र एकदाच. तेच दार, तीच भर-वजाबाकी. योद्धा 50 टक्क्यांवरच राहतो आणि मांत्रिक 5 टक्क्यांच्याही खाली घसरतो. 1986 साली आलेला गर्प्स हा खेळ तीन फाशांवरच चालतो.

पात्राच्या कागदावर लिहिलेली ताकद टेबलावर दिसलीच पाहिजे. पुढच्या डावात एखादं दार तीन फाशांवर उघडून बघा.