कोतवाल बुकातली माणसं

बारावीचे निकाल लागले की वर्धा जिल्ह्यातल्या तहसील कार्यालयांत ‘कोतवाल बुकाची नक्कल’ हे शब्द दिवसभर कानावर पडतात. मुलाला अभियांत्रिकीला किंवा नर्सिंगला प्रवेश घ्यायचा असतो, त्यासाठी जात वैधता प्रमाणपत्र लागतं, आणि त्यासाठी आजोबा-पणजोबांची जुनी नोंद. अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींना 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गाला 13 ऑक्टोबर 1967 या तारखेआधीचा पुरावा द्यावा लागतो. शेती असलेल्यांचे पूर्वज बंदोबस्ताच्या मिसलीत किंवा अधिकार अभिलेखात सापडतात, शिकलेल्यांचे शाळेच्या दाखलखारिज रजिस्टरात. ज्या घरात जमीनही नव्हती आणि शाळाही नव्हती, त्या घराचं सरकारदरबारी नाव कुठे उरलं असेल तर ते कोतवाल बुकातच. म्हणून या वह्यांची छायाचित्रं काढून थांबणं पुरेसं नाही. त्या वाचून, नावानिशी आणि गावानिशी त्यांची सूची झाली पाहिजे, आणि हे काम जिल्ह्यातल्याच माणसांनी स्वयंसेवेनं अंगावर घेतलं पाहिजे, असं माझं म्हणणं आहे.

ही वही आली कुठून? 1853-54 मध्ये नागपूरचं भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं, 1861 मध्ये मध्य प्रांत झाला आणि 1862 मध्ये नागपूरपासून वर्धा हा वेगळा जिल्हा निघाला. या नव्या कारभारात गावात जन्म झाला, मरण आलं, की त्याची वर्दी देणं हे कोतवालाचं काम ठरलं, आणि त्या वर्दीची वही म्हणजे कोतवाल बुक. सांगणारा कोतवाल, आणि लिहिणारा बहुतेक वेळा दुसराच कोणी. त्यामुळे अक्षर दर काही पानांनी बदलतं. कुठे बाळबोध, कुठे मोडी, कुठे दोन्हींची सरमिसळ. नोंद ओळीभराची असते: तारीख, गाव, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी. ‘गणपत वल्द सखाराम, कुणबी, मुलगा’ अशा धर्तीची. बाळाचं नाव बहुधा नसतंच, कारण वर्दी जाते तेव्हा बारसंही झालेलं नसतं. आडनावही बरेचदा नसतं. मृत्यूच्या रकान्यात ताप, पटकी, देवी असं कारण आणि बाईच्या पुढे ‘बेवा’. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंशावळी आहेत, पण त्या यात्रेला जाऊ शकलेल्यांच्या, आणि मुख्यतः पुरुषांच्या. चार दिवसांचं होऊन गेलेलं तान्हं, भूमिहीन मजुराची विधवा, गावकुसाबाहेरचं माणूस यांची नोंद या ओळींत झाली. विदर्भाच्या सामाजिक इतिहासाचं इतकं समतेनं भरलेलं दुसरं दप्तर मला दिसत नाही.

2023 मध्ये मराठा समाजाला कुणबी दाखले देण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या निमित्तानं राज्यभर जुन्या दप्तरांत कुणबी नोंदी शोधल्या गेल्या. लाखो नोंदी मिळाल्या, वह्यांचं स्कॅनिंग झालं, अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर पानं चढली. ही मोठीच गोष्ट झाली. पण तो शोध एका जातीच्या नोंदींचा होता. त्याच पानावरची तेल्याची, गोवारीची, गोंडाची, महाराची ओळ स्कॅनमध्ये आली तरी शोधात आली नाही. शिवाय स्कॅन केलेलं पान म्हणजे चित्र. संगणकाला त्यातला ‘गणपत’ दिसत नाही. शेकडो पानांची फाईल उघडून एकेक ओळ डोळ्यांखालून घालावी लागत असेल, तर पूर्वी तहसीलच्या दप्तरखान्यात होणारी पायपीट आता पडद्यावर होते, एवढाच फरक.

याच पेचातून दुसऱ्या एका साम्राज्याच्या वह्यांसाठी वाट निघाली आहे. मेक्सिको, पेरू आणि स्पेनच्या इतर वसाहतींत चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्यांत बाळाच्या नावासोबत त्याचा वर्ग लिहिला जाई. स्पॅनिश लोकांची वही वेगळी, मिश्र वंशाच्या ‘कास्तां’ची वेगळी, मूळनिवासींची वेगळी. इंग्रजीतला ‘कास्ट’ हा शब्दही मुळात आयबेरियातलाच, पोर्तुगिजांनी इथे आणलेला. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या ‘फॅमिलीसर्च’ या मॉर्मन पंथाच्या संस्थेनं अशा वह्यांचं आधी मायक्रोफिल्मवर आणि मग संगणकावर जतन केलं. त्यांतली नावं वाचून काढण्याचं काम देशोदेशीच्या स्वयंसेवकांनी घरी बसून, एका वेळी काही पानं घेऊन केलं. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्याही याच संस्थेनं टिपल्या. परक्या धर्मसंस्थेकडे आपली वंशावळ का द्यायची, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्त आहे. त्याचं उत्तर काम टाळण्यात नाही. पद्धत घ्यावी आणि मालकी जिल्ह्याकडेच ठेवावी.

अधिक गंभीर आक्षेप दोन. पहिला असा की, हौशी माणसं चुकीचं वाचतील आणि त्या चुकीवर कोणाचा तरी दाखला अडेल. चुका होतील हे खरंच. म्हणून प्रत्येक पान दोघांनी स्वतंत्रपणे वाचायचं, फरक पडला तर तिसऱ्या जाणकारानं निवाडा करायचा, आणि सूचीला पुराव्याचा दर्जा कधीच द्यायचा नाही. सूचीनं फक्त ‘अमुक वही, अमुक पान’ एवढं सांगावं, नक्कल तहसीलदारांनीच द्यावी. उलट, ‘पवनार’ की ‘पवनी’ हे मोडीतल्या घाईच्या अक्षरावरून ओळखायला पवनार माहीत असलेला माणूसच लागतो, पुण्या-मुंबईच्या कंत्राटदाराचा पगारी ऑपरेटर नव्हे. खाडाखोड आणि मागाहून घुसवलेले शब्द ही जुन्या नोंदींची जुनी दुखणी आहेत. तारखेसह जतन केलेली प्रतिमा उपलब्ध असली की नंतरची शाई लगेच उघडी पडते.

दुसरा आक्षेप मला जास्त अस्वस्थ करतो. जात, अनौरस जन्म, मृत्यूचं कारण हे सगळं एका क्लिकवर आलं तर एखाद्या घराचा अपमान करायला कोणालाही हत्यार मिळेल. यावर उपाय मर्यादेचाच आहे. सूचीत नाव, गाव, वर्ष इतकंच असावं. जात आणि इतर तपशील अर्ज करणाऱ्या वारसालाच मिळावेत, आणि जिवंत माणसांच्या जन्माच्या नोंदी तर सूचीतही नकोत. याहून सैल नियम कोणी सुचवला तर मी त्याच्या विरोधात उभा राहीन.

हे स्वयंसेवेनं होईल का, ही शंका वर्ध्यात तरी येऊ नये. इतिहासकार वि. का. राजवाडे गावोगाव फिरून वाड्यांतली दप्तरं गोळा करत होते ते कोणत्याही सरकारी पगारावर नाही. 1934 पासून अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम वर्ध्याच्या मगनवाडीतून चाललं. लोकांनी एकत्र येऊन चिकाटीनं काम करायची इथली सवय जुनी आहे. मोडी शिकवणारे वर्ग पुराभिलेख संचालनालय घेतं, आणि महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेची पथकं आहेत. जिल्हाधिकारी कार्यालयानं प्रतिमा द्याव्यात, प्राध्यापकांनी मुलांना मोडी शिकवावी, आणि आर्वी, आष्टी, हिंगणघाट, समुद्रपूरच्या एकेका गावानं आपल्या गावाची एक वही वाचायला घ्यावी. तुमच्या गावातल्या ज्या म्हाताऱ्या माणसाला मोडी वाचता येते, त्याच्याकडे याच पावसाळ्यात चार मुलं पाठवा.