काम कोणते आणि किती?

‘आपण काम करता काय?’ हा प्रश्न वरवर सोपा वाटतो; परंतु श्रमबळाच्या पाहणीत तो तसाच विचारल्यास उत्तर फसवे मिळते. हंगामात शेतावर राबणारी व एरवी सरपण गोळा करणारी स्त्री ‘नाही’ असे सांगते आणि नोंदीतून गळते.

दिल्लीतील तत्कालीन नियोजन आयोगाने नेमलेल्या दांतवाला समितीने १९७० साली असे दाखवून दिले की, भारतीय परिस्थितीत बेकारीचा एकच आकडा अर्थपूर्ण ठरत नाही. त्यानुसार राष्ट्रीय नमुना पाहणीच्या सत्ताविसाव्या फेरीत (१९७२-७३) प्रत्येक व्यक्तीचे काम तीन मापांनी नोंदले गेले : सरलेले वर्ष, सरलेला आठवडा आणि त्या आठवड्यातील प्रत्येक दिवस. दिवसाचेही दोन भाग केले होते. चार किंवा अधिक तासांचे काम हा पूर्ण दिवस. एक तास वा अधिक, पण चारांहून कमी, तो अर्धा.

पुढे घरकामासोबत सरपण व चारा गोळा करण्यालाही स्वतंत्र संकेतांक मिळाला. हे काम श्रमबळाबाहेरच गणले जाते. तथापि त्याची वेगळी नोंद असल्यामुळे अभ्यासकाला फेरहिशेब करता येतो. चांगल्या अनुसूचीचे मर्म हेच होय : घडले ते आधी टिपावे, नाव मागाहून द्यावे.