संकेतस्थळावरील हलती अक्षरे : सोय कोणती, अडथळा कोणता?

सायंकाळ झाली की अकोला शहरातील जठारपेठ चौकाच्या परिसरात दुकानांवरील विजेच्या पाट्या उजळू लागतात. कुठे अक्षरे एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सरकतात, कुठे ती उघडझाप करतात. रस्त्याने जाणाऱ्याचे लक्ष आपल्याकडे वळविणे हे या पाट्यांचे काम असते. परंतु गिऱ्हाईक एकदा पायरी चढून आत आले की त्याला माल पाहावयाचा असतो, भाव विचारावयाचा असतो. त्या वेळी त्याच्या डोळ्यांपुढे पाटी नाचवीत राहण्यात काही अर्थ नसतो.

शासकीय कार्यालय, शाळा किंवा ग्रामपंचायत यांच्या संकेतस्थळावर येणारा नागरिक हा असाच पायरी चढून आत आलेला माणूस होय. तो दाखल्याची माहिती, अर्जाचा नमुना किंवा अंतिम तारीख शोधीत असतो. २०२५ च्या प्रारंभी राज्य शासनाने हाती घेतलेल्या शंभर दिवसांच्या सात कलमी कृती कार्यक्रमात संकेतस्थळांच्या सुधारणेचा समावेश होता. संकेतस्थळ सुधारणे म्हणजे ते अधिक चमकदार करणे, असा समज मात्र होता कामा नये.

गतीचा आभास

एकामागून एक झपाट्याने दाखविलेली स्थिर चित्रे डोळ्यांना सलग हालचाल म्हणून दिसतात. चित्रपटात सेकंदाला साधारणतः २४ चित्रे दाखविली जातात. संगणकाचा किंवा मोबाईलचा पडदा सामान्यतः सेकंदाला ६० वेळा नव्याने रेखाटला जातो. या तत्त्वाचा उपयोग महाराष्ट्राला नवा नाही. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या चित्रपटापूर्वी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने चित्रित केली होती. अनेक दिवसांत होणारी वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसली आणि या नव्या माध्यमाच्या सामर्थ्याविषयी पाहणाऱ्यांची खात्री पटली.

संगणकाच्या क्षेत्रात १९८७ मध्ये 'जीआयएफ' हा चित्रप्रकार आला व त्यातून लहान हलती चित्रे प्रचारात आली. पुढे 'फ्लॅश' या तंत्राचा बोलबाला झाला; २०२० च्या अखेरीस ते बंद करण्यात आले. आता पानाची मांडणी ठरविणाऱ्या संगणकीय सूचनांतूनच अक्षरे, चित्रे व कळा यांना गती देता येते. गती देणे इतके सोपे झाल्यामुळेच ती कुठे द्यावी, हा विवेक अधिक महत्त्वाचा ठरला आहे.

गती कुठे उपकारक?

नागरिकाने अर्ज भरून 'सादर करा' ही कळ दाबली आणि पडद्यावर काहीच घडले नाही, तर तो तीच कळ पुन्हा दाबतो. अशा वेळी फिरणारे लहानसे वर्तुळ 'काम चालू आहे, थांबा' असे शब्दांवाचून सांगते. अर्जातील एखादा रकाना चुकला असल्यास तो क्षणभर उठून दिसणे किंवा विषयसूची हळुवार उघडणे, हेही उपयुक्त असते. अशा हालचालीस पाव सेकंदाच्या आसपासचा अवधी पुरतो.

दुसरा उपयोग शिक्षणाचा. अकोला येथे १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ कार्यरत आहे आणि कापूस हे वऱ्हाडचे प्रमुख पीक आहे. गुलाबी बोंडअळीची अंडी, अळी, कोष व पतंग ही स्थित्यंतरे शेतकऱ्याला समजावून द्यावयाची असल्यास हलते चित्र हे लांबलचक वर्णनापेक्षा प्रभावी ठरते. येथे गती ही सजावट नसून तीच माहिती असते. फाळक्यांच्या रोपाचेही मर्म हेच होते.

गती कुठे घातक?

याउलट, महत्त्वाची सूचना सरकत्या पट्टीत घातली की वाचकाला अंतिम तारखेपर्यंत पोहोचण्यासाठी ताटकळत बसावे लागते. सावकाश वाचणाऱ्याच्या हातून ती निसटते. तारीख चुकली तर त्या कुटुंबाची शिष्यवृत्ती किंवा अनुदान हुकू शकते. ज्यांची दृष्टी अधू आहे असे नागरिक पडद्यावरील मजकूर मोठा करून वाचतात. सरकती अक्षरे त्यांच्या दृष्टिक्षेत्रातून पाहता पाहता बाहेर जातात. कमी क्षमतेच्या मोबाईलवर व क्षीण नेटवर्कमध्ये जड चित्रफितींमुळे पान उघडण्यास विलंब होतो, तो वेगळाच.

प्रश्न प्रकृतीचाही आहे. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये दूरदर्शनवरील एका व्यंगचित्रमालिकेत लाल व निळा प्रकाश वेगाने आलटून पालटून दाखविला गेला. त्यानंतर सुमारे ६८५ जणांना, त्यांत बहुसंख्य मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले. लुकलुकत्या प्रकाशाने काही व्यक्तींना अपस्माराचा झटका येऊ शकतो, तर मोठ्या सरकत्या दृश्यांनी काहींना भोवळ येते.

नियम काय सांगतात?

या बाबतीत आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकषांत स्पष्ट मर्यादा आहेत. आपोआप सुरू होणारी व पाच सेकंदांहून अधिक काळ इतर मजकुरासोबत चालणारी हालचाल थांबविण्याची सोय वाचकाला असली पाहिजे. सेकंदाला तीनपेक्षा अधिक वेळा काहीही लखलखता कामा नये. भारत सरकारने शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये निघाली आणि तिचा आधारही हेच निकष आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मुळे सुगम्यता ही आता मेहेरबानी नसून नागरिकाचा हक्क आहे. मोबाईलमध्ये 'हालचाल कमी करा' अशी निवड वापरकर्त्याला करता येते. संकेतस्थळाने तिचा मान राखावा, अशी सूचना रचनाकाराला जरूर द्यावी.

साधी कसोटी

संकेतस्थळाचे काम स्वीकारण्यापूर्वी अधिकारी, मुख्याध्यापक वा सरपंच यांना ते स्वतः पारखता येईल. त्यासाठी संगणकाचे विशेष ज्ञान लागत नाही. साध्या मोबाईलवर पान उघडावे व गावातील एखाद्या वयोवृद्ध व्यक्तीला अर्जाची अंतिम तारीख शोधून दाखविण्यास सांगावे. नंतर पानावरील सर्व हालचाल बंद करवून पाहावी. त्यामुळे माहितीत काही उणे पडत नसेल, तर ती हालचाल अनावश्यक होती, हे निश्चित समजावे. 'नवीन' अशी लुकलुकणारी खूण महिनोन्‌महिने तशीच राहू नये, याचीही दक्षता घ्यावी.

जठारपेठेतील विजेची पाटी गिऱ्हाइकाला दारापर्यंत आणून सोडते. त्यापुढचे काम फळीवर नीट मांडलेल्या मालाचे आणि उघड लिहिलेल्या भावाचे असते. शासनाच्या दारी आलेल्या नागरिकालाही आपल्या कामाची तारीख एका जागी, स्थिर व ठळक अक्षरांत मिळाली, तर संकेतस्थळाचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.