स्वस्त भिंग घ्यावें कीं न घ्यावें ?



बाजारांत जी वस्तू स्वस्त मिळते ती नेहमींच लाभाची असते असें नाहीं, आणि जी महाग असते ती नेहमींच उपयोगाची असते असेंही नाहीं. वस्तूची किंमत दुकानदार सांगतो. तिची योग्यता मात्र घेणाऱ्याच्या गरजेवरून ठरते. हें तत्त्व सर्वांस पाठ असतें, परंतु खिशांतून पैसे काढण्याची वेळ आली म्हणजे तें नेमकें आठवत नाहीं. म्हणून एका लहानशा वस्तूच्या निमित्तानें त्याचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. ती वस्तू म्हणजे कॅमेऱ्याचें स्वस्त 'प्राइम' भिंग.

प्रसंग असा घडला. आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील आम्हांस भेटावयास आले व म्हणाले, "सर, मुलानें दोन वर्षें बक्षिसाचे पैसे सांठविले आहेत. आतां तो म्हणतो, पन्नासचें भिंग घ्यावयाचें आहे. कॅमेऱ्याबरोबर एक भिंग आलेंच होतें, मग दुसरें कशाला ? पैसे त्याचे आहेत, म्हणून मला नाहीं म्हणवत नाहीं. पण ते वायां गेले तर वाईट त्यालाच वाटेल. आपण त्यास दोन गोष्टी सांगाव्या."

आम्हीं मुलास बोलावून विचारलें. तो म्हणाला, "सर, आजी रोज संध्याकाळीं दिव्याखालीं बसून धान्य निवडते. फ्लॅश लावला कीं ती डोळे मिटून घेते, आणि फ्लॅशवांचून काढलेलें प्रत्येक चित्र हललेलें येतें. शिवाय स्नेहसंमेलनांत वर्गांचे फोटोही मला काढावयाचे आहेत." त्याच्या उत्तरांत दोन निरनिराळ्या गरजा होत्या. एकच भिंग त्या दोन्ही भागवील काय, हाच खरा प्रश्न होता.

प्रथम हें भिंग काय आहे तें पाहूं. कॅमेऱ्याबरोबर सामान्यतः जें झूम भिंग मिळतें त्याचें नाभीय अंतर कडें फिरवून १८ पासून ५५ मिलिमीटरपर्यंत बदलतां येतें. म्हणजे एकाच जागीं उभें राहून दृश्य रुंद घेतां येतें किंवा जवळ आणतां येतें. प्राइम भिंगाचें नाभीय अंतर कायमचें एकच असतें. दृश्य जवळ आणावयाचें तर छायाचित्रकारानें स्वतः पुढें जावें, रुंद करावयाचें तर मागें सरावें. मग ही गैरसोय लोक पैसे देऊन कां पत्करतात ? उत्तर एका शब्दांत आहे : प्रकाश.

भिंगावर १.८ किंवा ५.६ असे जे आंकडे लिहिलेले असतात, ते नाभीय अंतरास प्रकाशाच्या छिद्राच्या व्यासानें भागून येतात. म्हणून आंकडा जितका लहान तितकें छिद्र मोठें. पन्नास मिलिमीटरच्या भिंगांत १.८ म्हणजे सुमारें २८ मिलिमीटर व्यासाचें छिद्र, आणि ५.६ म्हणजे सुमारें ९ मिलिमीटरचें. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें, हें आमच्या वाचकांस भूमितीच्या तासावरून ठाऊक आहेच. तेव्हां पहिल्यांतून दुसऱ्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश आंत येतो. साधें झूम भिंग ५० मिलिमीटरच्या आसपास नेलें म्हणजे त्याचें छिद्र ५.६ च्या सुमारासच उघडतें. त्यास दिव्याच्या उजेडांत चित्र घेण्यास जर एका सेकंदाचा दहावा भाग लागत असेल, तर प्राइम भिंगास शंभरावा भाग पुरतो. धान्य निवडणारा हात सेकंदाच्या दहाव्या भागांत बराच सरकतो. शंभराव्या भागांत तो जवळजवळ स्थिर दिसतो.

येथें कोणी म्हणेल कीं, झूम भिंगांत कंप शोषणारी योजना असते, ती पुरे नाहीं काय ? ती योजना छायाचित्रकाराच्या हाताचा कंप शोषते. समोरच्या मनुष्याची हालचाल ती थांबवूं शकत नाहीं. देवळाचा खांब टिपावयाचा असेल तर ती पुरेल. आजीचे हात किंवा धांवणारें मूल टिपावयाचें असेल तर पुरणार नाहीं.

इतका गुण असून हें भिंग स्वस्त कां, अशी शंका येणें साहजिक आहे. त्याचीं कारणें इतिहासांत व रचनेंत आहेत. सन १८९६ मध्यें जर्मनींतील कार्ल झाइस या कारखान्यांत पाउल रुडोल्फ यांनीं 'प्लानार' नांवाचें भिंग रचिलें. त्यांत छिद्राच्या दोन्ही बाजूंस काचांची मांडणी जवळजवळ सारखी असल्यामुळें एका बाजूचे कांहीं दोष दुसऱ्या बाजूनें भरून निघत. काचांच्या अनेक पृष्ठांवरून प्रकाश परावर्तित होऊन चित्र फिकें पडे, ही त्याची अडचण होती. सन १९३५ मध्यें त्याच कारखान्यांतील अलेक्झांडर स्माकुला यांनीं काचेवर परावर्तन कमी करणारा अतिसूक्ष्म लेप देण्याची युक्ति काढली, आणि पुढें ही रचना सर्वत्र पसरली. आजचीं स्वस्त पन्नासचीं भिंगें बहुधा याच घराण्यांतील आहेत. शिवाय आरशाच्या कॅमेऱ्यांत भिंग व सेन्सर यांमध्यें आरसा हलण्यापुरती जागा सोडावी लागते. कॅनन कंपनीच्या अशा कॅमेऱ्यांत ती ४४ मिलिमीटर असते. पन्नासचें भिंग त्या अंतरांत सहज बसतें, पण त्याहून रुंद दृश्याच्या भिंगास त्यासाठीं जादा काचांची कसरत करावी लागते. कॅननच्या सन १९८७, १९९० व २०१५ मधील स्वस्त पन्नासच्या तिन्ही भिंगांत सहाच काचा आहेत. त्याच कंपनीच्या सन २०१८ मधील १.२ छिद्राच्या पन्नासच्या भिंगांत पंधरा काचा असून त्याचें वजन ९५० ग्रॅम आहे. सन २०१५ मधील स्वस्त भिंग अवघें १६० ग्रॅमचें आहे. तात्पर्य, स्वस्ताई ही येथें केवळ हलक्या मालामुळें आलेली नाहीं. जुनी व सोपी रचना, थोड्या काचा व मोठा खप यांमुळेंही आलेली आहे.

आतां दुसरी बाजू. विद्यार्थ्यांच्या हातीं बहुधा जे कॅमेरे असतात त्यांचा सेन्सर जुन्या फिल्मच्या ३६ मिलिमीटर रुंद चौकटीहून लहान, सुमारें २४ मिलिमीटर रुंद असतो. त्यावर पन्नासचें भिंग लावून तीन मीटरांवर उभें राहिलें, तर सुमारें १.४ मीटर रुंदीचेंच दृश्य मावतें. एका मनुष्याच्या चित्रास हें उत्तम. परंतु चार मीटर लांबीची विद्यार्थ्यांची रांग घ्यावयाची तर आठ मीटरांहूनही मागें जावें लागेल. वर्गाची भिंत तितकी मागें सरकत नाहीं ! तेंच काम ३५ चें भिंग सुमारें सहा मीटरांवरून व झूम भिंग १८ वर तीन मीटरांवरून करतें.

दुसरी मर्यादा स्पष्टतेच्या खोलीची. छिद्र पूर्ण उघडलें म्हणजे ठराविक अंतरावरील पट्टाच रेखीव येतो. अशा कॅमेऱ्यांत १.८ वर, दोन मीटरांवर, हा पट्टा सुमारें ११ सेंटिमीटरांचा असतो. त्यामुळें मागची भिंत धूसर होऊन चेहरा उठून दिसतो, पण पुढची रांग रेखीव व मागची अंधुक असाही प्रकार होतो. शिवाय पूर्ण उघडलेल्या छिद्रावर चित्राच्या कडा किंचित् काळवंडतात व कोपरे मऊ येतात; छिद्र २.८ किंवा ४ वर आणिलें कीं हे दोष पुष्कळ कमी होतात. म्हणून १.८ हा आंकडा अडचणीच्या वेळचा समजावा. नित्य तोच वापरूं नये.

विकत घेण्यापूर्वीं पुढील परीक्षा घरींच घ्याव्या; त्यांस एक पैही लागत नाहीं.

पहिली : संगणकावर आपलीं जुनीं चित्रें उघडावीं. प्रत्येक चित्राबरोबर तें किती नाभीय अंतरावर घेतलें याची नोंद असते. स्वतःस आवडलेलीं चित्रें निवडून ती नोंद वाचावी. बहुतेक १८ च्या आसपासचीं असतील, तर पन्नासचें भिंग पेटींतच राहील.

दुसरी : झूमचें कडें ५० वर आणून चिकटपट्टीनें बांधून टाकावें व आठवडाभर तसेंच वापरावें. घरांत मागें सरकून पाठ भिंतीस लागूं लागली, तर ३५ वर बांधून पुन्हां पाहावें.

तिसरी : कॅमेऱ्याची प्रकाशग्रहणशक्ति, म्हणजे आय.एस.ओ.चा आंकडा, १६०० किंवा ३२०० पर्यंत वाढवून पाहावा. चित्र जरा रवाळ येईल, पण हललेल्या चित्रापेक्षां रवाळ चित्र बरें. तेवढ्यानें काम भागलें तर खर्चाचें कारणच उरलें नाहीं.

या परीक्षांनंतरही प्रकाशाचीच उणीव जाणवली तर भिंग अवश्य घ्यावें. मात्र तें आपल्या कॅमेऱ्यास बसतें कीं नाहीं याची आधीं खात्री करावी. उदाहरणार्थ, निकॉनच्या डी ३००० व डी ५००० या मालिकांच्या कॅमेऱ्यांत भिंग फिरविणारी मोटर नाहीं. त्यांवर 'एएफ' खुणेचें जुनें भिंग बसतें, पण आपोआप स्पष्टता साधत नाहीं. त्यांस 'एएफ-एस' खुणेचें घ्यावें लागतें. जुनें भिंग घेणें झाल्यास त्यांतून विजेरीचा झोत टाकून पाहावें. आमच्याकडील पावसाळ्याच्या दमट हवेंत काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. तशी दिसल्यास किती स्वस्त मिळालें तरी घेऊं नये. आपलें भिंग घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावें.

आतां त्या विद्यार्थ्याचें काय झालें तें सांगतों. त्यानें तिन्ही परीक्षा मनापासून केल्या. वर्गाचीं चित्रें सगळीं १८ ते २४ मधलीं निघालीं. त्यांस नवें भिंग नकोच होतें. आजीचीं मात्र सगळीं ५० च्या आसपासचीं, आणि आय.एस.ओ. वाढवूनही हात हललेलेच. घरची खोली लहान, पण दोन मीटरांवरून आजी चौकटींत नीट बसत होती. त्यानें वडिलांसह दुकानांत जाऊन, विजेरीनें नीट पारखून, एक वापरलेलें भिंग घेतलें. उरलेले पैसे पुन्हां पेटींत गेले.

कांहीं दिवसांनीं त्यानें आम्हांस एक छायाचित्र आणून दाखविलें. सुपांत तांदूळ, त्यांवर वांकलेलीं बोटें, आणि दिव्याच्या उजेडांत उघडे, हंसरे डोळे. वडील म्हणाले, "सर, आईचा डोळे उघडे असलेला हा घरांतला पहिलाच फोटो." आम्हांस वाटतें, ते पैसे कारणीं लागले. पण तेंच भिंग त्या मुलानें केवळ वर्गाच्या फोटोंकरितां घेतलें असतें, तर तितकेच पैसे वायां गेले असते. म्हणून, मित्रहो, "हें चांगलें आहे काय ?" असें दुकानदारास विचारण्यापूर्वीं "आपलें नेमकें काय अडलें आहे ?" असें स्वतःस विचारावें, एवढीच आमची सूचना आहे.