जुनी मोटारबोट आणि पाण्याच्या खुणा

शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांना समुद्रकिनारा नाही. पण पाण्याला तोटा नाही. तानसा नदीवरचे धरण १८९२ साली पुरे झाले. वैतरणेवरचे मोडकसागर १९५७ मध्ये झाले. त्यानंतर भातसा धरण उभे राहिले. आज मुंबई महानगरपालिकेला पाणी पुरवणाऱ्या सातही तलावांचा साठा एकत्र केला, तर जवळजवळ निम्मा एकट्या भातशाचा भरतो. मुरबाडच्या बाजूला बारवीचा जलाशय पसरला आहे. १९७२ साली बांधलेल्या या धरणाची उंची पुढे वाढवण्यात आली आणि पाण्याखालची जमीनही वाढली.

धरण झाले की पायवाटा बुडतात. समोर दिसणाऱ्या पाड्यावर जायचे, तर पाण्याला मोठा वळसा घालावा लागतो. जाळी टाकणाऱ्यांना तर होडीवाचून गत्यंतरच नाही. वल्ह्यांनी ओढून हात भरून आले, की मोटारबोटीचा विषय निघतो. नवे इंजिन परवडत नाही. मग कोणीतरी बातमी आणतो, की वसई-उत्तनच्या बाजूला एक जुनी होडी इंजिनासकट विकाऊ आहे; किंमत कमी आहे, फक्त "इंजिनाचं थोडं काम आहे."

हे 'थोडे काम' म्हणजे नेमके काय? त्यावरच सौदा फायद्याचा की तोट्याचा हे ठरते. आणि गंमत अशी, की इंजिन न उघडताही त्याचा बराचसा इतिहास वाचता येतो. फक्त एकच प्रश्न धरून चालायचे: पाणी कोठे गेले? जेथे जायला हवे होते तेथे गेले का, आणि जेथे जायला नको तेथे शिरले का?

होडीला इंजिन बसवण्याची कल्पना मोटारीइतकीच जुनी आहे. जर्मनीतील गॉटलीब डाइम्लर यांनी १८८६ साली नेकार नदीवर पेट्रोल इंजिनाची होडी चालवली. त्या काळी लोकांना पेट्रोलची धास्ती वाटे. म्हणून डाइम्लर यांनी होडीवर तारा आणि चिनी मातीचे इन्सुलेटर लावून ती विजेवर चालते असे भासवले, असे सांगतात. होडीच्या मागे बाहेरून अडकवायचे इंजिन, म्हणजे 'आउटबोर्ड', प्रचारात आणले ते नॉर्वेहून अमेरिकेत गेलेल्या ओले एव्हिन्रूड यांनी, १९०९ साली. ते काढता येते, खांद्यावर घेऊन घरी नेता येते. छोट्या होड्यांच्या जुन्या बाजारात म्हणूनच ते जास्त दिसते.

त्याची रचना सोपी आहे. वर इंजिनाचे डोके, मध्ये लांब पाय, खाली दातेरी चाकांची पेटी आणि तिला लावलेला पंखा. जुनी छोटी आउटबोर्ड इंजिने बहुधा टू-स्ट्रोक असतात. म्हणजे पिस्टनच्या एका वर-खाली फेरीत एकदा स्फोट. वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळायचे, बहुधा ५० भागांस एक भाग. जुनी बजाज चेतक स्कूटर किंवा लुना ज्या मेकॅनिकने उघडली आहे, त्याला या इंजिनाचे डोके परके वाटणार नाही. नवखे वाटेल ते खालचे, पाण्यातले अंग.

स्कूटरचे इंजिन हवेने थंड होते. होडीचे इंजिन ज्यावर तरंगते त्याच पाण्याने थंड होते. पायाच्या खालच्या भागात रबरी पात्यांचा एक छोटा पंप असतो. तो पाणी वर खेचतो, सिलिंडरभोवतीच्या पोकळ्यांतून फिरवतो आणि बहुतेक पाणी धुराबरोबर खाली सोडतो. त्यातली एक बारीक धार मात्र बाजूच्या छिद्रातून बाहेर पडते. ही धार म्हणजे इंजिनाची नाडी समजा. इंजिनाचा पाय पाण्याने भरलेल्या पिंपात बुडवून ते सुरू करावे. धार लगेच आणि जोरात आली तर पंप ठीक आहे. अडखळत आली किंवा आलीच नाही, तर ताबडतोब बंद करावे. पंपाची रबरी पाती झिजली असतील तर दुरुस्ती स्वस्त असते. पण हाच पंप निकामी असताना आधीच्या मालकाने इंजिन किती वेळ पळवले असेल? सिलिंडरच्या डोक्यावरचा रंग करपून तपकिरी झाला असेल किंवा पापुद्रे सुटले असतील, तर इंजिन कधीतरी जबर तापले होते. आणि विक्रेता पिंपाशिवाय, कोरडेच इंजिन सुरू करून दाखवू लागला, तर त्याला थांबवावे. पाण्याचे वंगण मिळाले नाही तर रबरी पाती घासून काही क्षणांत खराब होतात.

किनाऱ्यावरून आलेल्या इंजिनाबाबत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. प्रत्येक खेपेनंतर इंजिनातून गोडे पाणी फिरवले नाही, तर पोकळ्यांत क्षार साचतात, वाट अरुंद होते आणि पंप चांगला असूनही इंजिन तापते. शिवाय खारे पाणी विजेचे चांगले वाहक. त्यात अ‍ॅल्युमिनियमचा पाय, पोलादाचा दांडा, पितळेचे भाग असे वेगवेगळे धातू एकत्र बुडाले की विजेचा घटच तयार होतो, आणि त्यातला अधिक क्रियाशील धातू झिजू लागतो. इंजिनाचा पाय वाचावा म्हणून त्यावर जस्ताचा एक तुकडा बसवलेला असतो. तो आधी झिजतो आणि अ‍ॅल्युमिनियम टिकते. हा तुकडा अवश्य पाहावा. अर्धा झिजलेला असेल तर उत्तम, त्याने आपले काम केले आहे. पुरता नाहीसा झाला असेल, तर झीज पुढे कोठे गेली ते पायावरच्या खड्ड्यांवरून कळेल. त्याच्यावर कोणी रंग फासला असेल, तर तो निरुपयोगीच झाला असे समजावे.

हेच इंजिन भातशाच्या गोड्या पाण्यात आणले की जस्ताच्या तुकड्यावर पांढरट कवच चढते आणि त्याचे काम मंदावते. गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियमचा तुकडा लावतात. मॅग्नेशियम समुद्रात लावले तर मात्र फार लवकर संपते. शाळेच्या प्रयोगशाळेत हे तत्त्व पाहता येईल. दोन लोखंडी खिळे घासून स्वच्छ करा. एकाला जस्ताची पट्टी घट्ट गुंडाळा. दोन्ही खिळे मिठाच्या पाण्याच्या वेगवेगळ्या पेल्यांत आठवडाभर ठेवा आणि कोणता गंजतो ते पाहा.

आता नको तेथे शिरलेले पाणी. पंख्याच्या वरच्या पेटीत गिअर ऑइल असते. तिचा तळाचा स्क्रू सैल करून चार थेंब काढायला सांगावे. तेल पारदर्शक किंवा काळपट असेल तर चालेल. दुधाच्या चहासारखे दिसले, तर ऑइल सील फाटून पाणी आत गेले आहे. सील स्वस्त असते. पण असे पाणी पावसाळाभर आत राहिले असेल, तर बेअरिंग आणि दाते गंजलेले निघतात आणि खर्च कित्येक पट होतो. पेटी नुकतीच रंगवलेली आणि तेल नुकतेच बदललेले असेल, तर मी तरी दोनदा विचार करीन.

मग प्लग काढून बघावेत. प्लगचे टोक विटकरी-तपकिरी असणे चांगले. काळे आणि तेलकट असेल, तर तेल जास्त किंवा ठिणगी दुबळी. गंजाचे डाग असतील तर पाणी. प्लगच्या छिद्रातून विजेरीने पिस्टनचा माथा पाहिला की एक मजेदार गोष्ट कळते. सगळ्या पिस्टनांवर काजळी असावी, हेच बरोबर. एकच पिस्टन लख्ख दिसला तर खूश होऊ नये! तेथे गळणाऱ्या गॅस्केटमधून पाणी येत असते, त्याची वाफ होते आणि ती माथा धुऊन काढते. सर्वांत स्वच्छ तोच सर्वांत आजारी.

राहिले कॉम्प्रेशन. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून दट्ट्या रेटला की हवा उलट जोर करते. पंपाचे वॉशर फाटले असेल तर जोर जाणवत नाही. इंजिनात वॉशरच्या जागी पिस्टन रिंगा असतात. प्लगच्या जागी दाबमापक लावून दोरी चार-पाच वेळा जोरात ओढली, तर अनेक छोट्या इंजिनांत दर चौरस सेंटिमीटरला ७ ते ९ किलोग्रॅम दाब मिळतो. पण आकड्यापेक्षा तुलना महत्त्वाची. दोन सिलिंडरांत दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक असेल, तर कमी दाबाच्या सिलिंडरची रिंग, पिस्टन किंवा गॅस्केट गेलेले आहे. (हे काम मेकॅनिकच्या देखरेखीखालीच करावे. प्लगच्या तारा जमिनीला जोडल्या नाहीत, तर ठिणगीने पेट्रोलची वाफ पेटू शकते.)

एवढे झाले म्हणजे 'थोडे काम' दोन ढिगांत वाटता येते. प्लग, कार्बुरेटरची सफाई, पेट्रोलची नळी, पाण्याच्या पंपाची पाती, सील ही कामे किरकोळ होत. क्रँकचे बेअरिंग, चिरलेला सिलिंडर, गंजून जाम झालेला पिस्टन, दात मोडलेली पेटी ही कामे म्हणजे दुसऱ्या इंजिनाचा खर्च. यांपैकी एक जरी दिसले, तर इंजिनाची किंमत शून्य धरावी आणि फक्त होडीचे पैसे बोलावेत. ज्या बनावटीचे सुटे भागच आता मिळत नाहीत, तिलाही हाच नियम.

कधी मात्र उलटे घडते. विक्रेता म्हणतो, "इंजिन दमतं," आणि दोष इंजिनात नसतोच. पंखा पाण्यातून स्क्रूसारखा पुढे सरकतो. एका फेरीत तो जेवढा सरकायला हवा त्या अंतराला पिच म्हणतात. इंजिनाच्या मिनिटाला ५,००० फेऱ्या, पेटीत त्या निम्म्या झाल्या म्हणजे २,५००. पिच २५ सेंटिमीटर धरला तर मिनिटाला ६२५ मीटर, म्हणजे ताशी ३७.५ किलोमीटर. पाणी काही लाकूड नव्हे, ते मागे सरकते. म्हणून प्रत्यक्ष वेग बराच कमी मिळतो. हलक्या होडीचा मोठ्या पिचचा पंखा माणसांनी आणि जाळ्यांनी भरलेल्या होडीला लावणे म्हणजे माळशेज घाट टॉप गिअरमध्ये चढणे. इंजिन धापा टाकणारच. पंखा बदलला की ते बरे होते.

होडीच्या अंगाविषयी थोडक्यात. इंजिन ज्या मागच्या फळीवर टांगतात ती बोटाच्या पेराने वाजवून पाहावी. आवाज बद्द आला तर आत लाकूड कुजले आहे. आणखी एक गणित करता येईल. एक टन वजनाची होडी एक टन पाणी बाजूला सारते. समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५, म्हणून तेथे सुमारे ९७६ लिटर. तलावात १,००० लिटर. पाण्याच्या पातळीपाशी होडीचे क्षेत्रफळ ४ चौरस मीटर असेल, तर हे जादा २४ लिटर सारण्यासाठी ती ६ मिलिमीटर अधिक बुडेल. घाबरण्याजोगे नाही, पण आर्किमिडीज शहापुरातही खराच ठरतो.

आता जे बाहेर पडते त्याविषयी. आणि या दोन तालुक्यांत हाच प्रश्न सर्वांत मोठा आहे. कार्बुरेटरच्या टू-स्ट्रोक इंजिनात नवे मिश्रण आत येत असतानाच धुराची वाट उघडी असते. त्यामुळे २० ते ३० टक्के इंधन न जळताच निसटते, आणि आउटबोर्डचा धूर तर पाण्यातच सोडलेला असतो. तासाला ४ लिटर पेट्रोल पिणारे इंजिन त्यातले सुमारे एक लिटर असेच सोडते. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये एक टक्क्यापर्यंत बेंझिन असू शकते. म्हणजे त्या लिटरात १० मिलिलिटर, वजनाने जवळजवळ ९ ग्रॅम. पिण्याच्या पाण्यात बेंझिन लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भागाकार करून पाहा: ९ ग्रॅम बेंझिन या मर्यादेपर्यंत पातळ करायला ९ लाख लिटर पाणी लागेल. तेही एका तासाच्या फेरीसाठी.

भातशात साठणारे पाणी सात लाख दशलक्ष लिटरांच्या वर आहे, आणि बेंझिन बऱ्याच अंशी हवेत उडून जाते, हेही खरे. एका होडीने भातसा बिघडत नाही. पण पाणी सगळीकडे सारखे ढवळले जात नाही. जेथे होडी रोज लागते त्याच उथळ खाडग्यात पाड्यावरच्या बायका हंडे भरतात, त्याच जागी माशांची पिल्ले वाढतात. वंगणाचे तेल तर उडूनही जात नाही. बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनजवळच्या एका तळ्यात चमचाभर तेल ओतले, तेव्हा त्याचा तवंग सुमारे अर्धा एकर पसरला होता. खनिज तेल इतके पातळ पसरत नाही, तरी दिशा कळते. म्हणून पिण्याच्या पाण्याच्या तलावासाठी जुने टू-स्ट्रोक इंजिन कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जुनी होडी घ्यावी, तिला फोर-स्ट्रोक इंजिन पाहावे. अंतर थोडे असेल तर बॅटरीवरची मोटर. डाइम्लरने जे सोंग केले ते आता खरेच करता येते.

पैसे देण्यापूर्वी कागद पाहावेत. यंत्रावर चालणाऱ्या होड्यांसाठी १९१७ चा जुना कायदा जाऊन अंतर्देशीय जहाज अधिनियम, २०२१ आला. त्यात तपासणी आणि नोंदणी सांगितली आहे. शिवाय तलाव ज्या खात्याचा, त्याची परवानगी हवी. तानशाभोवती तर अभयारण्यही आहे.

आणि शेवटची परीक्षा पाण्यातच घ्यावी. नेहमी जेवढी माणसे बसणार तेवढी बसवून, जीवरक्षक जाकिटे घालून, अर्धा तास इंजिन पळवावे. मग बंद करून दहा मिनिटे थांबावे आणि पुन्हा दोरी ओढावी. थंड इंजिन सुरू करून दाखवणे सोपे असते. तापलेले इंजिन दुसऱ्या-तिसऱ्या ओढीत सुरू झाले नाही, तर किनाऱ्यापर्यंत वल्ही मारतानाच भाव पुन्हा बोलावा.